गावाच्या खांबावरचा लहान टॉवर



आजच्या भाषणाचा विषय आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. 'रेंज नाही' हे दोन शब्द आपल्या बोलीत आता असे रुळले आहेत की, ते ऐकल्यावर पुढे कोणी काही विचारीत नाही. पावसाने ओढ दिली म्हणावे, तसे आपण ते म्हणतो आणि स्वस्थ बसतो. पण पाऊस माणसाच्या हातात नाही. रेंज ही माणसाने निर्माण केलेली वस्तू आहे. ती का येते, का जाते आणि ती आणण्याचे उपाय कोणते, हे समजून घेता येते. तेवढे समजले म्हणजे ग्रामसभेत उठून नेमके काय मागायचे हेही कळते.

हा प्रश्न करमणुकीचा राहिलेला नाही, हे प्रथम लक्षात घेऊ या. रेशनच्या दुकानात धान्य घ्यायला गेलेल्या आजींचा अंगठा यंत्रावर टेकवला जातो. तो अंगठा तारेने किंवा लहरीने दूरच्या संगणकापर्यंत पोचला आणि तिकडून होकार आला, म्हणजे धान्य मिळते. रेंज नसली की दुकानदार म्हणतो, "आजी, उद्या या." आजींचा एक दिवसाचा रोज बुडतो. शेतातल्या पिकाची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या फोनवरून करावी अशी व्यवस्था राज्यात आली. बाळंतीण अडली, सर्पदंश झाला, तर १०८ क्रमांकाची गाडी बोलवायची ती फोनवरूनच. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा सह्याद्रीच्या कुशीतल्या कितीतरी वाड्यांवरची मुले टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसत, कारण धडा तेवढ्याच जागी ऐकू येई. तेव्हा रेंज म्हणजे आता रस्ता, पाणी आणि वीज यांच्या पंक्तीला बसलेली चौथी गरज झाली आहे.

आता कोणी म्हणेल, "अहो, तुमचा रेडिओ तर डोंगराआडही ऐकू येतो. एका केंद्रावरून चार-पाच जिल्हे ऐकतात. मग फोनलाच काय धाड भरली?" प्रश्न रास्त आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साह्याने दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवून पाहिली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न पत्राने केंद्राकडे पाठवीत. यातली मेख पाहा. केंद्राचा आवाज दीडशे खेड्यांत एकदम पोचत होता. पण खेड्याचा आवाज केंद्राकडे जायचा तो टपालाने! रेडिओत एकजण बोलतो आणि लाखो ऐकतात. सर्वांना तीच एक लहर पुरते. फोनचे तसे नाही. तिथे प्रत्येकाला ऐकायचे असते, प्रत्येकाला बोलायचेही असते, आणि प्रत्येकाचे बोलणे निराळे असते. म्हणजे दर माणसाला लहरीतला थोडा थोडा वाटा लागतो. आणि लहरी तर मोजक्याच.

या अडचणीतून वाट काढणारी कल्पना १९४७ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग या अभियंत्याने एका टिपणात मांडली. सगळ्या प्रदेशासाठी एक उंच टॉवर उभारण्याऐवजी प्रदेशाचे लहान लहान भाग पाडावेत, प्रत्येक भागाला स्वतःचा कमी ताकदीचा टॉवर द्यावा आणि तीच लहर थोड्या अंतरावर पुन्हा वापरावी, ही ती कल्पना. मधमाशांचे पोळे आठवा. सहा कोनांची घरे, एकाला एक लागून, मध्ये फट नाही. अशा घराला इंग्रजीत सेल म्हणतात. त्यावरून या फोनला सेल्युलर फोन हे नाव पडले. कल्पना निघाली १९४७ साली, पण तिला साजेशी यंत्रे तयार व्हायला पाव शतक लागले. हातात धरण्याजोग्या फोनवरून पहिले बोलणे न्यूयॉर्कमध्ये ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी केले. आपल्या देशात पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम हे त्या दिवशी एकमेकांशी बोलले.

घरे लहान केल्याने काय साधते, त्याचा एक ढोबळ हिशेब करू. शिक्षकांनी हा फळ्यावर मांडण्यासारखा आहे. एका टॉवरचा पल्ला दहा किलोमीटर धरा. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा. ते ३१४ चौरस किलोमीटर येते. आता पल्ला एक किलोमीटर धरा. क्षेत्रफळ सव्वातीन चौरस किलोमीटरच्याही थोडे आत येते. म्हणजे एका मोठ्या वर्तुळाच्या जागी शंभर लहान वर्तुळे बसतात. एका टॉवरवर एका वेळी पन्नास माणसे बोलू शकतात असे उदाहरणापुरते धरले, तर पूर्वी त्या सगळ्या मुलखात मिळून पन्नास माणसे बोलत. आता पाच हजार बोलतील. शेजारशेजारच्या घरांचा एकमेकांना अडथळा होतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून खाली येतो. पण तत्त्व हेच. लहरी वाढल्या नाहीत, त्यांचा वापर वाढला.

हीच घरे आणखी लहान करीत गेले म्हणजे जे उरते, त्याला स्मॉल सेल म्हणतात. आपण त्याला लहान टॉवर म्हणू. खरे तर तो टॉवर नव्हेच. सुटकेसएवढी किंवा त्याहूनही लहान अशी एक पेटी आणि तिची आकाशिका. ती रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर, बसस्थानकाच्या छपराखाली, इमारतीच्या भिंतीवर बसते. मोठ्या टॉवरवरचे एकेक प्रक्षेपक यंत्र वीस, चाळीस किंवा त्याहून अधिक वॅट ताकदीचे असते. लहान टॉवरचे काम काही वॅटांत भागते. इमारतीच्या आत लावायच्या पेट्या तर एका वॅटच्याही खालच्या असतात. त्यांचा पल्ला घरापुरता, फार तर आवारापुरता. खांबावरच्या पेटीचा पल्ला शे-दोनशे मीटरपासून मोकळ्या जागी किलोमीटर-दोन किलोमीटरपर्यंत जातो.

हे समजायला एकलहऱ्याइतके चांगले ठिकाण नाही. नाशिकरोडजवळचे हे गाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तिथल्या औष्णिक विद्युत केंद्रामुळे. १९७० च्या सुमारास तिथे वीज होऊ लागली. पहिले दोन लहान संच पुढे निवृत्त झाले. २१० मेगावॅटचे तीन संच मागाहून उभे राहिले. त्यांची बेरीज ६३० मेगावॅट. आता असे पाहा, एवढी प्रचंड वीज एकलहऱ्यात होते, म्हणून तिथल्या मळ्यातला दिवा थेट त्या केंद्राच्या तारेवर पेटतो काय? मुळीच नाही. तसे केले तर दिवा, घर आणि मळेवाला तिघेही जळून जातील. केंद्रातून वीज अतिउच्च दाबाने निघते, उपकेंद्रात उतरते, ११ हजार व्होल्टांच्या तारेने शिवारात येते आणि वस्तीजवळच्या खांबावर जी डीपी असते, तिच्यात आणखी उतरून घरात २३० व्होल्टांनी शिरते. केंद्र कितीही मोठे असो. वस्तीला डीपी नसेल तर अंधारच.

फोनच्या जाळ्यात लहान टॉवर म्हणजे ही डीपी समजा. मोठा टॉवर मुलूख सांभाळतो, लहान टॉवर वस्ती सांभाळतो. आणि डीपीला जशी मागून येणारी ११ हजार व्होल्टांची तार लागते, तशी लहान टॉवरलाही मागून येणारी एक तार लागते. ही तार तांब्याची नसते, काचेच्या तंतूची असते. तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने बोलणे आणि चित्रे धावतात. तिला ऑप्टिकल फायबर म्हणतात. ही मागची तार नसेल, तर खांबावरची पेटी म्हणजे नुसता डबा. हा मुद्दा मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळे अडते ते इथेच.

आता रेंज मरते कुठे आणि का, ते पाहू. मी भूगोलाचा अध्यापक. तेव्हा हा भाग माझ्या आवडीचा आहे. लहर जितकी आखूड तितकी ती अडखळते, असा ढोबळ नियम आहे. मध्यम लहरींच्या रेडिओची एक लहर तीनशे मीटरच्या घरात असते. ती टेकाडाला वळसा घालते. फोनची ९०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ३३ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षा थोडी मोठी. पाचव्या पिढीच्या फोनसाठी ३,५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात, त्या साडेआठ सेंटिमीटरच्या. आणि २६ गिगाहर्ट्झची लहर तर सव्वा सेंटिमीटरही नाही. तिला भिंतच काय, दाट पाने आणि जोराचा पाऊसही अडवतो. लहर जितकी आखूड तितकी तिच्यात अधिक माहिती मावते, पण तितकीच तिची चाल नाजूक. म्हणून फोनच्या पिढ्या जसजशा पुढे जातात, तसतसे टॉवर जवळजवळ लागतात.

एकलहऱ्यासारख्या गावाचा आराखडा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला बॉयलरच्या पोलादी इमारती, लोखंडी सांगाडे आणि उंच चिमण्या. दुसरीकडे वसाहतीच्या सिमेंट-काँक्रीटच्या चाळी. पलीकडे गोदावरीकाठचा सखल भाग, उसाचे आणि द्राक्षाचे मळे, मळ्यांत विखुरलेली पत्र्याची घरे. धातूवर लहर आपटून परत फिरते. काँक्रीटमध्ये आणि त्यातल्या लोखंडी सळ्यांत ती थकते. पत्र्याच्या घरात दार सोडून दुसरीकडून तिला आत यायला वाट नाही. उंचवट्याच्या आड सावली पडते, तशी लहरीचीही सावली पडते. एकाच गावात एका गल्लीत फोन खणखणतो आणि पन्नास पावलांवर मुका होतो, त्याचे कारण हे. अशा सावलीत ताकदवान टॉवर दूर उभारून फारसे काही साधत नाही. तिथे दिवाच जवळ नेऊन लावावा लागतो.

आणखी एक गंमत सांगतो. फोनवर कधी कधी दोन-तीन दांड्या दिसतात, तरी फोन लागत नाही. असे का? टॉवर हा मोठ्या गळ्याचा आहे. त्याचा आवाज आपल्या फोनपर्यंत पोचतो, म्हणून दांड्या दिसतात. पण आपला फोन हा लहान गळ्याचा. चौथ्या पिढीच्या फोनची प्रक्षेपणाची ताकद फार तर एक पंचमांश वॅट. नदीच्या अलीकडून पाटलांनी कर्ण्यातून हाक मारली तर पलीकडच्या पोराला ऐकू येते. पोराची ओ मात्र पाटलांपर्यंत पोचत नाही. पोर घसा फोडून ओरडते आणि दमते. कमजोर रेंजच्या गावात फोनची बॅटरी लवकर उतरते, त्याचे हे एक मोठे कारण. लहान टॉवर जवळ आला की फोनला कुजबुजले तरी पुरते.

ही झाली शास्त्राची बाजू. आता कायद्याची आणि पैशाची बाजू पाहू, कारण शास्त्र बरोबर असूनही खांबावर पेटी चढत नाही ती याच्यापायी.

खांब असतो ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा किंवा वीज कंपनीचा. पेटी असते फोन कंपनीची. पूर्वी एकेका खांबासाठी निराळी परवानगी, निराळा दर, निराळा हेलपाटा असे. मोठ्या टॉवरच्या एका परवानगीत जे भागे, त्याला लहान टॉवरच्या शंभर परवानग्या लागत. ही गुंतागुंत सोडवण्यासाठी केंद्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये मार्गाधिकाराच्या नियमांत दुरुस्ती केली. रस्त्यावरचा खांब लहान टॉवरसाठी वापरायचा तर दर खांबाला वर्षाला ग्रामीण भागात १५० रुपये आणि शहरी भागात ३०० रुपये, असा दर तेव्हा ठरवून दिला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला देशात पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने भोपाळ शहर, दिल्लीचा विमानतळ, कांडल्याचे दीनदयाळ बंदर आणि बंगळूरची मेट्रो अशा चार ठिकाणी खांबांवर, भिंतींवर लहान टॉवर लावून पाहिले आणि २९ नोव्हेंबर २०२२ रोजी आपल्या शिफारशी शासनाकडे दिल्या. पुढे दूरसंचार कायदा २०२३ झाला, आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले.

ही चार नावे ऐकून तुमच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती यायलाच हवी. शहर, विमानतळ, बंदर, मेट्रो! यात खेडे कुठे आहे? खांबाचे भाडे दीडशे रुपये केले, म्हणून कंपनी आपल्या वाडीत धावत येईल काय? नाही येणार. खर्च खांबाच्या भाड्याचा नाहीच. खर्च आहे मागच्या काचेच्या तारेचा, अखंड विजेचा आणि देखभालीचा. जिथे गिऱ्हाईक दाट तिथे हा खर्च निघतो. जिथे घरे विरळ तिथे निघत नाही. यात कंपनीला दोष देऊन भागणार नाही. ती व्यापार करते. परंतु व्यापाराला जे परवडत नाही, ते समाजाला हवेच असेल, तर ते शासनाने आणि गावाने मिळून करायचे असते. एस.टी. आपल्याकडे गावोगाव गेली ती याच न्यायाने.

शासनाने काही पावले टाकली आहेत. देशातल्या ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, आणि आपल्या राज्यात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने चालले. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांना चौथ्या पिढीची सेवा देण्याचे ठरले. आपल्या राज्यातले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे ते जिल्हे. जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० वंचित गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना भारत संचार निगमाकडे सोपवण्यात आली. जानेवारी २०२५ पासून आणखी एक चांगली सोय सुरू झाली. शासकीय निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर एका कंपनीचा पत्ता नसला, तरी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यातून फोन चालावा, अशी ती सोय आहे. विहीर सरकारी पैशाने खणली, तर पाणी सर्वांना, हा साधा न्याय आहे.

पण इथे एक विवेक ठेवला पाहिजे. लहान टॉवर हा सगळ्या रोगांवरचा काढा नाही. आपला नाशिक जिल्हाच पाहा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पश्चिमेकडच्या तालुक्यांत डोंगरांच्या सोंडा आणि खोल दऱ्या. एका गावच्या चार वाड्या चार धारेवर. तिथे प्रत्येक वाडीला खांब आणि प्रत्येक खांबाला काचेची तार हे फार खर्चाचे होईल. तिथे माथ्यावरचा उंच टॉवर आणि त्यावर ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लांब पल्ल्याच्या लहरी हाच मुख्य उपाय. उलट जिथे माणसे एका जागी जमतात, आणि मोठा टॉवर असूनही त्याची सावली पडते किंवा त्याच्यावर गर्दी होते, तिथे लहान टॉवर कामाचा. आठवड्याचा बाजार, बसस्थानक, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळेचे आवार, रेशनचे दुकान, कारखान्याची वसाहत ही त्याची ठिकाणे. एकलहऱ्यासारख्या गावात, जिथे वसाहत आहे, खांब आहेत आणि शेजारी शहर आहे, तिथे तो शोभेल. गर्दीचे सर्वांत मोठे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. सिंहस्थात गोदाकाठी लाखो माणसे एका दिवसात एका जागी येतात. चुकलेल्या म्हातारीला शोधायचे तर फोन लागला पाहिजे. अशा मेळ्यांत चाकांवरचे टॉवर आणि खांबांवरचे लहान टॉवर लावतात, ते पल्ला वाढवण्यासाठी नव्हे, गर्दी वाटून घेण्यासाठी.

आता भीतीविषयी. खांबावर पेटी म्हणताच ग्रामसभेत हमखास प्रश्न निघतो, "सर, त्याच्या किरणांनी कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, आणि त्याचा बागुलबुवाही करू नये. फोनच्या लहरी या क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत. शरीरातल्या अणूंची मोडतोड करण्याइतकी शक्ती त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध परिणाम म्हणजे उष्णता, तीही ताकद फार वाढली तर. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित धोक्याच्या' अशा वर्गात घातले, म्हणजे पुरावा अपुरा आहे, लक्ष ठेवावे. आपल्या देशाने सावधगिरी म्हणून १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढीच मर्यादा ठेवली आहे. १,८०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला ०.९ वॅट येते. एक वॅटची पेटी घ्या, तिच्या आकाशिकेने एका दिशेला चौपट जोर दिला असे धरा, आणि पाच मीटरवर उभे राहा. हिशेब केला तर दर चौरस मीटरला सव्वा शतांश वॅट येतो, म्हणजे मर्यादेच्या सुमारे सत्तरावा भाग. शिवाय जवळच्या पेटीमुळे आपल्या कानाशी धरलेला फोन कमी जोराने बोलतो, हा फायदा वेगळाच. ज्याला खात्री करून घ्यायची असेल, त्याला शासनाच्या 'तरंग संचार' या सेवेतून आपल्या भागातल्या टॉवरची माहिती पाहता येते, आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते.

दुसरी एक सूचना. बाजारात रेंज वाढवण्याचे यंत्र म्हणून बूस्टर विकतात. ते परवानगीवाचून लावणे बेकायदा आहे. त्याने एका घराची रेंज वाढते आणि आजूबाजूच्या दहा घरांची बिघडते, कारण ते चांगल्या आवाजाबरोबर गोंगाटही वाढवते. पाटाच्या पाण्याला चोरून डोंगळा लावणाऱ्यासारखे ते आहे. त्यापेक्षा ज्यांच्या घरी किंवा शाळेत तारेवरून इंटरनेट आले आहे, त्यांनी फोनमधली वायफायवरून बोलण्याची सोय चालू करावी. २०१९ च्या अखेरीपासून ती आपल्याकडे उपलब्ध आहे. पत्र्याच्या शाळेतही मग फोन लागतो. एका अर्थी तो आपल्या घरचा लहान टॉवरच.

आता शेवटचा आणि कामाचा भाग. गावाने करायचे काय?

शिक्षक मित्रहो, हे काम तुम्ही सुरू करू शकाल. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये, फोनविषयीच्या माहितीत, सिमकार्डाच्या सदराखाली रेंजचा एक आकडा दिसतो. तो उणे असतो: उणे ८५, उणे १०५ असा. चौथ्या पिढीच्या फोनवर उणे ९० च्या आतला आकडा चांगला, उणे ११० च्या पलीकडचा वाईट समजा. हे एकक मोठे विलक्षण आहे. आकडा दहाने उतरला की ताकद दहा पटीने उतरते. उणे ८५ आणि उणे ११५ यांत फरक तीसचा दिसतो, पण ताकदीत तो हजार पटींचा आहे. आठवी-नववीच्या मुलांकडून गावाचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढून घ्या. एखाद्या रविवारी फोन घेऊन त्यांच्याबरोबर गाव फिरा. देऊळ, चावडी, शाळा, दवाखाना, रेशन दुकान, मळे अशा प्रत्येक ठिकाणी, घरात आणि घराबाहेर, प्रत्येक कंपनीचा आकडा नोंदा. चांगल्या जागेला हिरवा रंग, वाईट जागेला तांबडा. मुलांचा भूगोल, गणित आणि विज्ञान एका दिवसात होईल, आणि गावाच्या हाती एक कागद येईल.

तो कागद घेऊन ग्रामसभेत बसा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीने आपली सेवा कुठे पोचते याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर लोकांसाठी ठेवायचा आहे. कंपनीचा नकाशा आणि मुलांचा नकाशा शेजारी शेजारी ठेवा. कंपनी जिथे रंग भरते आणि मुलांना तिथे तांबडे आढळते, ती जागा लेखी तक्रारीची. 'आमच्याकडे रेंज नाही' या अर्जाला उत्तर येत नाही. 'अमुक दवाखान्याच्या आत, अमुक कंपनीचा, आकडा उणे ११८' या अर्जाला उत्तर देणे भाग पडते.

मग ग्रामपंचायतीने तीन गोष्टी तपासाव्यात. काचेची तार पंचायतीत आली आहे का, आणि आली असली तर ती चालू आहे का? तांबड्या जागेजवळ धड उभा असलेला खांब आहे का, आणि तो कोणाच्या मालकीचा? त्या खांबावर वीज किती तास असते, आणि लाइट गेल्यावर बॅटरीची सोय कोण करणार? कारण पेटीला वीज नसेल, तर संकटाच्या रात्री, वादळात तार तुटली असता, नेमकी तीच मुकी होईल. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या पंचायतीजवळ तयार असतील, तिच्याशी कंपनी बोलणी करील, आणि शासनालाही तिचा विचार आधी करावा लागेल.

आपल्याकडे वीज आली तेव्हाही असेच झाले. एकलहऱ्याच्या चिमण्यांतून धूर निघू लागला, म्हणून खेडी लगेच उजळली नाहीत. ज्या वस्तीने खांबांची मागणी केली, डीपीसाठी जागा दिली, पाठपुरावा केला, तिथे दिवा आधी लागला. रेंजचेही तसेच आहे. आकाशातून ती कोणाला फुकट मिळत नाही. ती मोजावी लागते, मागावी लागते आणि सांभाळावी लागते. रेशनच्या दुकानातून रिकाम्या पिशवीने परतणाऱ्या आजींसाठी एवढी खटपट आपण करायला हरकत नाही.